खाण्याचे विकार: मेंदूला बाहेरून उत्तेजना देणाऱ्या उपचारांचा उपयोग होतो का?

जेवण टाळणे, वजन वाढण्याची सतत भीती, आवरता न येणारे खाणे, खाल्ल्यावर मुद्दाम उलटी करणे हे हट्ट किंवा नखरे नव्हेत. अ‍ॅनोरेक्सिया, बुलिमिया आणि बिंज ईटिंग हे मानसिक आजार आहेत आणि त्यांवर उपचार होतात.

हे उपचार काय आहेत?
टीएमएसमध्ये डोक्याजवळ कॉइल धरून चुंबकीय लहरी देतात. टीडीसीएसमध्ये डोक्यावर पट्ट्या लावून अतिशय सौम्य वीजप्रवाह सोडतात. हे 'शॉक' नव्हेत. भूल लागत नाही, रुग्ण जागा असतो.

फायदा किती?
अमेरिकेच्या एफडीएने टीएमएसला २००८ मध्ये नैराश्यासाठी मान्यता दिली, खाण्याच्या विकारांसाठी मात्र दिलेली नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजने ३४ अ‍ॅनोरेक्सियाग्रस्त स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात (२०१८) मनःस्थिती सुधारल्याची चिन्हे दिसली, वजनात मात्र फारसा फरक पडला नाही. म्हणजे हा अजून संशोधनाच्या टप्प्यावरचा, पूरक उपचार आहे. पोषण सुधारणे, समुपदेशन आणि कुटुंबाचा सहभाग हाच मुख्य उपचार.

आधी या तपासण्या करा
वजन, नाडी, रक्तदाब, ईसीजी आणि रक्तातील पोटॅशियम. वारंवार उलट्यांमुळे पोटॅशियम घटते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. क्षार बिघडलेले असताना टीएमएस दिल्यास फिट येण्याचा धोका वाढतो. पूर्वी फिट आली असेल, डोक्यात धातूचा तुकडा, कानात कॉक्लिअर इम्प्लांट किंवा छातीत पेसमेकर असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा.

दरेकसासारख्या गावातून काय करावे?
टीएमएस सहसा आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे घ्यावे लागते. त्यासाठी शहरात राहण्याचा खर्च आणि बुडणारी मजुरी आधी मोजा. कर्ज काढून थेट यंत्राकडे धावू नका. आधी गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानस १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

ताबडतोब रुग्णालयात न्या
चक्कर येऊन पडणे, छातीत धडधड, उलटीतून रक्त, फिट, पाणीही न घेणे किंवा जीव देण्याची भाषा. बरेच दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपेट जेवू घालू नका, त्यानेही जिवाला धोका होऊ शकतो. आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवावा.