काशीतले टीकाकार : नाशिकचे राघवभट्ट, कोपरगावचे नीळकंठ

संस्कृत पोथ्यांमध्ये ‘त्रिपाठ’ नावाची एक मांडणी असते. पानाच्या मधोमध ठळक अक्षरांत मूळ श्लोक आणि त्याच्या वर-खाली बारीक अक्षरांत टीका. कुठे मुळाच्या दोनच ओळी आणि टीकेने भरलेले सगळे पान, तर कुठे टीकेला जेमतेम चार शब्द. अवघड जागा कोणती, हे पान नुसते पाहूनही कळते. आज मराठीत टीका म्हणजे बहुधा दोष काढणे. जुना अर्थ उलगडणे असा होता, आणि त्या अर्थाने ज्ञानेश्वरीही टीकाच. पदे सोडवणे, अर्थ सांगणे, समासांचा विग्रह करणे, वाक्याचा अन्वय लावणे आणि शंका उपस्थित करून तिचे निरसन करणे ही टीकाकाराची नेहमीची कामे. काव्य-नाटकांच्या बाबतीत त्यात रस, अलंकार, पात्रांचे प्रकार आणि कथानकाचे टप्पे यांचीही भर पडे.

पंधराव्या शतकापासून पुढची तीनेकशे वर्षे हे काम काशीत जोरात चालले, आणि ते करणाऱ्यांत गोदाकाठच्या घराण्यांचा वाटा मोठा होता. पैठणहून आलेल्या रामेश्वरभट्टांचे पुत्र नारायणभट्ट काशीतल्या पंडितांचे अग्रणी मानले जात. शिवराज्याभिषेकासाठी १६७४ साली रायगडावर आलेले गागाभट्ट याच घराण्यातले. भट्ट घराण्याचे नाव धर्मशास्त्रात गाजले. साहित्याच्या वाचनात मात्र दोन वेगळी नावे पुढे येतात.

पहिले राघवभट्टांचे. त्यांचे घराणे जनस्थानचे, म्हणजे नाशिकचे. वडील पृथ्वीधर काशीला येऊन राहिले. ‘शारदातिलक’ या तंत्रग्रंथावरची राघवभट्टांची टीका संवत १५५० मधली, म्हणजे १४९३-९४ च्या सुमाराची. पण पुढे त्यांचे नाव घरोघरच्या विद्यार्थ्यांपर्यंत नेले ते कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’वरच्या ‘अर्थद्योतनिका’ टीकेने.

राघवभट्टांची वाचण्याची रीत नाट्यशास्त्राची. नायक धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत किंवा धीरोद्धत असतो; नाटकाचे कथानक मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण या पाच संधींतून जाते. दुष्यंत धीरोदात्त ठरतो आणि सात अंक पाच संधींत बसवले जातात. भरत आणि धनंजय यांच्या जोडीला मातृगुप्तासारख्या आचार्याची वचनेही राघवभट्ट देतात. मातृगुप्ताचा ग्रंथ हरवलेला असल्यामुळे त्या वचनांचे मोल वाढले आहे.

ही रीत पुष्कळदा खानेसुमारीसारखी वाटते. दुष्यंताला धीरोदात्त म्हटले की पाचव्या अंकात त्याला सुनावणारी शकुंतला समजायला फारशी मदत होत नाही. पण संधींच्या सीमा आखताना राघवभट्टांची नजर अचूक पडते. गर्भसंधी म्हणजे फळ हाती येते आणि निसटते, असा टप्पा. चौथ्या अंकात सुरू झालेला हा संधी त्यांनी अंकाच्या शेवटी संपवलेला नाही. तो ते पाचव्या अंकाच्या मध्यापर्यंत, गौतमी शकुंतलेच्या तोंडावरचे अवगुंठन दूर करते तिथवर नेतात. राजाने चेहरा पाहिला, आता ओळख पटणारच असे वाटते आणि नेमकी तिथेच आशा तुटते. पुढचा विमर्श सहाव्या अंकाच्या अखेरपर्यंत चालतो. अंकाची सीमा ओलांडून नाटकाचा सांधा शोधणे ही खरी समीक्षा. मोरेश्वर रामचंद्र काळे यांच्या शाकुंतलाच्या आवृत्तीबरोबर हीच टीका छापली गेल्याने कॉलेजच्या मुलांच्या अनेक पिढ्यांनी कालिदास राघवभट्टांच्या बोटाला धरून वाचला.

दुसरे नाव नीळकंठ चतुर्धरांचे. गोदेकाठच्या कोपरगावचे हे घराणे. वडील गोविंदसूरी, आई फुल्लांबिका. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात नीळकंठ काशीत होते आणि तिथेच त्यांनी संपूर्ण महाभारतावर ‘भारतभावदीप’ ही टीका रचली. देवबोध, अर्जुनमिश्र असे टीकाकार त्यांच्या आधी होऊन गेले होते. नीळकंठांनी त्यांचा आधार घेतलाच, शिवाय निरनिराळ्या प्रांतांतल्या पोथ्या मिळवून, पाठ ताडून पाहून आपली संहिता ठरवली. काशीत हे जमण्याजोगे होते, कारण देशभरचे यात्रेकरू आणि विद्यार्थी तिथे येत आणि त्यांच्याबरोबर पोथ्याही येत.

वृत्तीने नीळकंठ अद्वैती. ‘मंत्ररामायण’ या दुसऱ्या ग्रंथात त्यांनी ऋग्वेदाच्या मंत्रांतून रामकथा काढून दाखवली आहे. अशा माणसाला महाभारतातही ठिकठिकाणी वेदान्त दिसावा यात नवल नाही. तो भाग आजच्या वाचकाला ओढूनताणून आणलेला वाटतो. शब्दार्थ, रूढी, शस्त्रे, कूटश्लोक यांचा उलगडा मात्र अजून उपयोगी पडतो.

पण त्यांचा सर्वांत खोल ठसा टीकेपेक्षा संहितेवर उमटला. १८६२-६३ साली मुंबईत महाभारत पोथीच्या आकारात छापले गेले ते नीळकंठांच्या पाठासह, आणि १९२९ पासून पुण्याच्या चित्रशाळा प्रेसने काढलेली आवृत्तीही त्याच परंपरेतली. मराठी वाचकाच्या मनातले कर्ण आणि द्रौपदी बऱ्याच अंशी या छापील महाभारतातून आलेले आहेत. स्वयंवरात कर्ण धनुष्याला हात घालतो आणि सूताला वरणार नाही असे द्रौपदी सर्वांदेखत सांगते. वस्त्रहरणाच्या वेळी ती कृष्णाचा धावा करते. व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो. हे तिन्ही प्रसंग नीळकंठांच्या संहितेत आहेत.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले तेव्हा या संहितेची परीक्षा झाली. आवृत्तीचे संपादक विष्णु सीताराम सुकथनकर यांनी ती सुबोध पण भेसळीची ठरवली. नीळकंठांचा कल चांगले ते गाळू नये याकडे होता, तर संपादकांना सर्वांत जुने काय ते हवे होते. गणपतीची कथा आदिपर्वाच्या परिशिष्टात गेली, द्रौपदीचा कर्णाला नकार तळटीपेत उतरला. सभापर्वात कृष्णाचा धावा मुख्य संहितेतून वगळला गेला आणि वस्त्रे कोण पुरवतो याचा खुलासा तिथे उरला नाही. नकाराचे ते एक वाक्य गेल्याने कर्णाच्या अपमानाचा मोठा आधार सुटतो, आणि सभेत प्रश्न विचारणारी द्रौपदी आणखी एकटी दिसते.

आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. लगोलग, १९६७ साली, मराठीत दोन पुस्तके आली. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मधली व्यक्तिचित्रे चिकित्सक आवृत्तीच्या आधाराने लिहिली. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मधला कर्ण मात्र पिढ्यान्‌पिढ्या कथा-कीर्तनांतून ऐकलेल्या, सूतपुत्र म्हणून झिडकारलेल्या कर्णाच्या कुळातला आहे.