42.34 मीटर : तारेची लांबी साधन म्हणून कशी वाचायची?

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आराखड्यात आपण ‘प्राथमिक साधने’ असं लिहितो तेव्हा डोळ्यांपुढे कागदच असतो. पत्रं, फायली, वर्तमानपत्रांची कात्रणं, फार तर एखादी मुलाखत. आज मी तुम्हाला एक आकडा साधन म्हणून वाचायला सांगणार आहे. आकडा आहे 42.34 मीटर.

1942च्या ऑगस्टमध्ये ‘छोडो भारत’चा ठराव झाला, नेते पकडले गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली. त्याच महिन्यात मुंबईत काही तरुणांनी गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ उभा केला. निवेदन करणाऱ्या उषा मेहता तेव्हा 22 वर्षांच्या होत्या. बाबूभाई, विठ्ठलदास झवेरी आणि चंद्रकांत झवेरी हे त्यांचे सहकारी, आणि राममनोहर लोहियांचं मार्गदर्शन होतं. चिमूर-आष्टीत काय घडलं हे वर्तमानपत्रं छापू धजत नव्हती, ते या रेडिओनं सांगितलं. प्रत्येक प्रसारणात लहरलांबी जाहीर केली जाई, 42.34 मीटर. ठिकाण मात्र फक्त ‘हिंदुस्थानातून कुठून तरी’.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. 2024च्या सिनेमामुळे तर आणखीच. आता गणित करू. लहरलांबीनं 300ला भागलं की वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये मिळते. 300 भागिले 42.34 म्हणजे साधारण 7.09. हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, ज्याला ‘40 मीटरचा पट्टा’ म्हणतात, त्यातच हा आकडा बसतो. आजही परवानाधारक हॅम या पट्ट्यात रोज बोलतात.

हा योगायोग नाही, असं माझं मत आहे. प्रक्षेपक बांधणारे नरिमन प्रिंटर हे हौशी रेडिओवालेच होते. 1939मध्ये युद्ध सुरू झाल्यावर सरकारनं हौशी परवाने बंद केले आणि यंत्रं पोलिसांकडे जमा करायला लावली. पण यंत्र जमा केलं म्हणून हाताची सवय जमा होत नाही. ज्या माणसानं वर्षानुवर्षं एका पट्ट्यासाठी वेटोळी गुंडाळली, तार मापली, तो घाईत नवीन काही बांधताना त्याच पट्ट्याकडे वळणार. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. दोन्ही वेगळे ठेवायची सवय आत्तापासूनच लावून घ्या, व्हायवाला उपयोगी पडते.

याच आकड्याचा दुसरा उपयोग पडताळणीचा. काही लेखांत हा रेडिओ 7.12 मेगाहर्ट्झवर होता असं लिहिलेलं सापडतं. त्याची लहरलांबी येते 42.13 मीटर. म्हणजे दोन्ही विधानं एकाच वेळी तंतोतंत खरी नाहीत. तारखांचंही तसंच. कुठे 14 ऑगस्ट, कुठे 27 ऑगस्ट, कुठे 2 सप्टेंबर. यातली 14 ही गट उभा राहिल्याची आणि 27 ही प्रत्यक्ष आवाज हवेत गेल्याची तारीख, अशी मांडणी एका परंपरेत आढळते आणि मला ती पटते. ‘सुरू झाला’ या क्रियापदात किती गोष्टी लपतात बघा! टिपण काढताना तारखेशेजारी नेमकं काय सुरू झालं, तेही लिहा.

आता गच्चीवर चला. या पट्ट्यासाठी सगळ्यात साधा अँटेना म्हणजे अर्ध्या लहरीची तार, अर्थात डायपोल. 42.34चं अर्धं 21.17, पण प्रत्यक्षात तार चार-पाच टक्के आखूड ठेवावी लागते. म्हणजे सुमारे 20 मीटर, 66 फूट. मधोमध तोडून तिथून यंत्राकडे वायर आणायची. नाशिकमधल्या तुमच्या सोसायटीची गच्ची टेपनं मोजून पाहा. 14 बाय 15 मीटरची असेल तर कर्णावर ही तार जेमतेम बसेल. नाही बसली तर मध्ये एकच खांब उभारून दोन्ही टोकं कठड्यापर्यंत उतरवायची. महावितरणच्या तारांपासून लांब राहायचं आणि मेच्या अखेरीस विजा कडाडू लागल्या की जोडणी काढून ठेवायची. आज हे सगळं परीक्षा देऊन, परवाना काढून, सेक्रेटरींची समजूत घालून करता येतं. (तिसरं काम सगळ्यात अवघड, असं जाणकार सांगतात.)

मग विचार करा, परवाना नाही, भाड्याची खोली, गिरगाव-चौपाटीच्या दाट वस्तीत समोरच्या खिडकीतून सगळं दिसतं, आणि एवढी तार लपवायची आहे. तार आखूड केली, घरातच वळवून टाकली, तरी चालते, पण जोर कमी होतो. शिवाय लहर स्वतःच चुगली करते. चौकटीसारखा अँटेना फिरवत गेलं की एका दिशेला आवाज बुडतो. अशा दोन-तीन ठिकाणच्या रेषा नकाशावर जिथे छेदतात, तिथे प्रक्षेपक. त्यामुळे 27 ऑगस्ट ते 12 नोव्हेंबर या 77 दिवसांत जागा पाच-सहा वेळा बदलावी लागली. सरासरी दर पंधरवड्याला ती अख्खी जुळणी उतरवून दुसरीकडे न्यायची. भाषणांबद्दल आपण पानंच्या पानं लिहितो, पण हे ओझं कुणी कसं वाहिलं ते एका ओळीत संपवतो.

शेवटी पोलिस पोहोचले ते नुसत्या यंत्राच्या बळावर नाही. पकडलेल्या प्रिंटरनी माहिती दिली आणि 12 नोव्हेंबरला प्रसारण चालू असतानाच गिरगावातल्या पारेख वाडीत छापा पडला. बाबूभाईंना पाच, उषाबेनना चार आणि चंद्रकांतना एक वर्षाची शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी आणि ‘शिकागो रेडिओ’चे नानक मोटवाने निर्दोष सुटले. मोटवाने हे नाव नाशिककरांना नाशिकरोडच्या मल्टिमीटरच्या कारखान्यामुळे ओळखीचं आहे. तेच घराणं.

प्रिंटरचं काय करायचं, हा प्रश्न मला अजून छळतो. बहुतेक लिखाणात ते फितूर म्हणून येतात आणि तिथेच संपतात. पण त्यांनी बांधलं नसतं तर आवाज गेलाच नसता. ‘फितूर’ लिहायचं की ‘कारागीर’, आणि दोन्ही लिहायचं तर कोणत्या क्रमानं? फायलीत पोलिसांना दिलेला जबाब जास्त जागा घेतो, कारण फाईल पोलिसांची आहे. गंमत अशी की प्रसारणात काय बोललं गेलं हेही आपल्याला बऱ्याच अंशी त्यांच्यामुळेच कळतं, कारण ते रोज ऐकून लिहून घेत होते. खोलीतल्या कामाची, तार ताणण्याची, सोल्डरिंगची नोंद तिथे बसून कुणीच केली नाही.

उषा मेहतांनी पुढे गांधीविचारावर मुंबई विद्यापीठातून पीएचडी केली, 1953मध्ये. तुमच्यापैकी कुणी हा विषय घेणार असाल तर त्यांच्या मुलाखती आणि खटल्याचा निकाल शेजारी ठेवून वाचा, आणि हातात टेप असू द्या. पारेख वाडीच्या परिसरात जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहत आहेत, त्यामुळे गच्च्या मोजायच्या असतील तर हे काम आधी उरका.