फ्लॉपी प्रतिमा सॉफ्टवेअर

फ्लॉपी प्रतिमा सॉफ्टवेअर म्हणजे फ्लॉपी डिस्कवरील सर्व नोंदी, त्यांच्या मूळ मांडणीसह, एकाच संचिकेत उतरवून घेणारे सॉफ्टवेअर होय. अशा संचिकेस डिस्क प्रतिमा अथवा व्यवहारात नुसते 'इमेज' म्हणतात. प्रतिमेवरून तशीच दुसरी फ्लॉपी तयार करता येते, किंवा फ्लॉपीशिवायच ती आजच्या संगणकावर उघडता येते. १९९० च्या दशकात संगणकावर जुळवलेला पुष्कळसा मराठी मजकूर फ्लॉपीवरच ठेवला जाई. त्यामुळे मराठी वाचकांच्या दृष्टीने हा विषय केवळ तांत्रिक राहत नाही.

नक्कल आणि प्रतिमा

फ्लॉपीवरील संचिका नेहमीच्या पद्धतीने नकलल्या तर केवळ त्या संचिका मिळतात. चकतीचा आरंभ-सेक्टर, संचिकांची सूची आणि वरवर रिकामी दिसणारी जागा मागेच राहते. प्रतिमा मात्र पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत सर्व काही क्रमाने घेते. डॉस पद्धतीत संचिका पुसली म्हणजे सूचीतील तिच्या नावाचे पहिले अक्षर तेवढे बदलते. मजकूर, त्यावर नवे काही लिहिले जाईपर्यंत, जागेवरच असतो. म्हणून पुसलेले लेखन प्रतिमेतून पुष्कळदा परत मिळते. याच कारणाने, जुन्या फ्लॉपीची प्रतिमा दुसऱ्याच्या हाती देताना तिच्यात खासगी पत्रे अथवा गुणपत्रके उरलेली नाहीत ना, हे पाहावे लागते.

३.५ इंची उच्च घनतेच्या फ्लॉपीवर दोन बाजू, प्रत्येक बाजूस ८० ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकमध्ये १८ सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट असतात. गुणाकार १४,७४,५६० येतो आणि साध्या प्रतिमेचा आकारही नेमका तेवढाच असतो. '१.४४ एमबी' हे प्रचलित नाव १,४४० ला १,००० ने भागून आले असले, तरी ते १,४४० प्रत्येकी १,०२४ बाइटांचे आहेत. म्हणजे हे माप कोणत्याच एका हिशेबात बसत नाही. ५.२५ इंची साध्या फ्लॉपीची प्रतिमा ३,६८,६४० बाइटांची असते.

वाटचाल

आयबीएमने १९७१ मध्ये ८ इंची फ्लॉपी बाजारात आणली. १९७६ मध्ये शुगार्ट कंपनीची ५.२५ इंची आली. १९८१ च्या आयबीएम पीसीसोबतच्या डॉसमध्ये 'डिस्ककॉपी' ही आज्ञा होती, परंतु ती एका फ्लॉपीवरून थेट दुसऱ्या फ्लॉपीवर नक्कल करी. एकच ड्राइव्ह असल्यास दोन्ही चकत्या आलटून-पालटून घालाव्या लागत. हा त्रास १९९३ च्या एमएस-डॉस ६.२ ने कमी केला. प्रतिमा संचिकेत साठवणारे टेलिडिस्क हे सिडेक्स कंपनीचे सॉफ्टवेअर होते. त्याच्या संचिकेची रचना खुली नव्हती, ती पुढे इतरांनी उलगडली. लिनक्सच्या प्रसारकाळात 'रॉराइट' हे छोटे साधन प्रतिमेवरून फ्लॉपी तयार करण्यासाठी वापरले जाई. युनिक्स व लिनक्सवर हेच काम 'डीडी' ही आज्ञा करते, तर विंडोजवर विनइमेज प्रसिद्ध आहे. सोनीने २०११ मध्ये जपानमधील फ्लॉपीची विक्री थांबवली.

चुंबकीय बदलांची नोंद

वरील सॉफ्टवेअरला ड्राइव्हचा नियंत्रक जे सांगतो तेवढेच कळते. सेक्टर खराब असेल, अथवा मांडणी अपरिचित असेल, तर नियंत्रक थांबतो. जुन्या मॅकिंटॉशच्या ८०० केबी चकत्या पीसीच्या ड्राइव्हवर याच कारणाने वाचता येत नाहीत. क्रायोफ्लक्स आणि ग्रीझविझल ही उपकरणे सेक्टरचा विचार न करता पृष्ठभागावरील चुंबकीय बदलांच्या वेळा नोंदवतात. अर्थ लावण्याचे काम नंतर सॉफ्टवेअर करते. चकतीचे अनेक फेरे नोंदवता येत असल्याने एका फेऱ्यात हुकलेला सेक्टर दुसऱ्यात सापडण्याची शक्यता असते.

यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह सहज मिळतो व चांगल्या चकतीस पुरतो. मात्र तो फक्त ३.५ इंची आणि ठरावीक मांडणीच वाचतो.

काळजी

वाचनापूर्वी लेखनसंरक्षण करणे अत्यावश्यक आहे. ३.५ इंची चकतीत छिद्र उघडे असले की संरक्षण असते, ५.२५ इंचीत उलट, खाच झाकावी लागते. हे औपचारिक वाटेल, पण विंडोज ९५ नुसती फ्लॉपी वाचतानाही आरंभ-सेक्टरमध्ये स्वतःची खूण लिहीत असे.

दमट हवेत चकतीवर बुरशी येते. अशी चकती फिरवल्यास पृष्ठभाग खरवडला जातो आणि वाचनशीर्षही मळते, म्हणून आधी सफाई करावी लागते. गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा, भामरागड यांसारख्या मोठ्या पावसाच्या जंगलभागात हा धोका विशेष. तेथे चकत्या पेटीत जपून ठेवण्यापेक्षा त्यांच्या प्रतिमा लवकर घेणे हिताचे. दीड एमबीहून लहान संचिका कमकुवत मोबाइल जोडणीवरूनही पाठवता येते आणि पुढचे काम दूरचा जाणकार करू शकतो.

मराठी मजकुराचा प्रश्न

प्रतिमा उत्तम निघाली तरी मराठी मजकूर वाचता येईलच असे नाही. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्रज्ञानातील मजकूर इस्की संकेतात असे. भारतीय मानक ब्यूरोने तो १९९१ मध्ये आयएस १३१९४ म्हणून प्रसिद्ध केला. युनिकोडची देवनागरी मांडणी इस्कीच्याच पूर्वीच्या आवृत्तीवर आधारलेली असल्याने हे रूपांतर तुलनेने सोपे आहे.

छपाईसाठी जुळवलेल्या मजकुराची गोष्ट वेगळी. श्रीलिपी, आकृती इत्यादींच्या टंकांत अक्षरांचे नव्हे, तर त्यांच्या दृश्य तुकड्यांचे संकेत साठवलेले असत. 'किती' या शब्दात पहिली वेलांटी 'क'च्या आधी येते. 'सर्व'मधील रफार 'व'च्या नंतर. रूपांतरकाला हा क्रम फिरवावा लागतो, आणि प्रत्येक टंकासाठी तक्ता निराळा. म्हणून फ्लॉपीवरील टंकाची संचिका मजकुराइतकीच मोलाची ठरते. कोणता तक्ता लावावा, हे तिच्यावरून कळते. चकतीवरील चिठ्ठीचे छायाचित्रही प्रतिमेसोबत ठेवावे. टंकाचे नाव अनेकदा तेथेच हाताने लिहिलेले असते.