खोगीर का घसरते?

तंतुवाद्याच्या तारा ज्या पट्टीवर टेकतात तिला आपण घोडी म्हणतो. इंग्रजीत ती ब्रिज, म्हणजे पूल होते. पण बास गिटारच्या ब्रिजवर प्रत्येक तारेखाली जो धातूचा छोटा तुकडा असतो, त्याचे नाव मात्र सॅडल, म्हणजे खोगीर! वाजवता वाजवता हे खोगीर घसरते, मग तार खडखडते किंवा बेसूर होते. वादकांच्या या जुन्या तक्रारीत घर्षणाचा एक चांगला धडा दडलेला आहे.

१९५१ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बास' ही विजेरी गिटार आणली. फेंडर शिक्षणाने हिशेबनीस, व्यवसायाने रेडिओ दुरुस्त करणारे. गिटार त्यांना वाजवता येत नसे. उभ्या डबल बासला पडदे नसतात, सूर कानाने शोधावा लागतो. फेंडर यांनी पडदे बसवले, म्हणून नाव प्रिसिजन, म्हणजे अचूकता.

परंतु पडदे बसवले की काम संपले असे नाही. तार पडद्यावर दाबताना ती किंचित ताणली जाते. शिवाय जाड तार ताठही असते. दोन्ही कारणांनी सूर थोडा चढा लागतो. म्हणून सॅडल मागे सरकवून तारेची लांबी जराशी वाढवावी लागते, आणि ही वाढ प्रत्येक तारेला वेगळी हवी. पहिल्या बासवर चार तारांना मिळून दोनच सॅडल होते. १९५७ साली चार झाले. अचूकता वाढली, तसे हलणारे भागही वाढले.

प्रत्येक सॅडल दोन बारीक स्क्रूंच्या पायांवर सपाट पत्र्यावर उभे असते. त्याला खाली दाबून धरते ती केवळ तार. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते आणि सॅडलला आडवे हिसके देते. त्यामुळे सॅडल बाजूला सरकते आणि स्क्रूही हळूहळू फिरतात.

स्क्रू आपोआप का फिरावा? जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ साली दाखवून दिले, की स्क्रू सर्वाधिक सैल होतो तो आडव्या कंपनांनी. वर्गात हे सहज पाहता येईल. फळी थोडी तिरपी करून तिच्यावर ठोकळा ठेवा. उतार इतकाच ठेवा, की ठोकळा घसरणार नाही. आता त्याला दोरा बांधून उताराच्या दिशेने नव्हे, तर आडवा ओढा. ठोकळा आडवा सरकता सरकता खालीही उतरेल! घर्षण नेहमी प्रत्यक्ष सरकण्याच्या विरुद्ध दिशेने काम करते. ते आडव्या दिशेत गुंतले, की उताराला अडवायला फारसे उरत नाही. स्क्रूचे आटे म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला उतारच.

यावरून उपायही सुचतात. तार सॅडलवरून अधिक तीव्र कोनात खाली वळवली, तर दाब वाढतो आणि त्याबरोबर घर्षणही. दुसरा उपाय रसायनशास्त्राचा. अमेरिकेतील ट्रिनिटी कॉलेजचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ साली असा द्रव तयार केला, जो हवेत पातळ राहतो आणि आट्यांच्या फटीत हवा मिळेनाशी झाली की धातूच्या सान्निध्यात घट्ट होतो. हेच लॉकटाइट. सॅडलच्या स्क्रूला त्याचा सौम्य प्रकार थेंबभरच लावावा, म्हणजे पुढे स्क्रू फिरवता येतो.

तिसरा उपाय खुद्द फेंडर यांचा. १९६५ साली त्यांनी आपली कंपनी विकली होती. पुढे १९८० च्या सुमारास सुरू केलेल्या जी अँड एल कंपनीच्या बास गिटारींवर त्यांनी ब्रिजच्या कडेला एक छोटा स्क्रू दिला. तो आवळला, की चारही सॅडल एकमेकांना दाबून एकसंध होतात. आडवी हालचालच थांबते.

सायकलच्या मडगार्डचा स्क्रू पुन्हा पुन्हा सैल होतो. तेथे आडवी हालचाल कोठून येते आणि ती कशी थांबवता येईल, हे आता विद्यार्थ्यांना शोधू द्यावे.