ध्वनितरंगांचे व्यतिकरण

एकाच वारंवारतेचे दोन ध्वनी एका ठिकाणी येऊन मिळाले, की तेथील आवाज वाढतो, मंदावतो, तर कधी जवळजवळ नाहीसा होतो. या आविष्काराला व्यतिकरण म्हणतात. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील बारीक चढउतार. दोन तरंग भेटतात तेव्हा त्या चढउतारांची क्षणोक्षणी बेरीज होते. संपीडनावर संपीडन आले तर आवाज चढतो. एकाच्या संपीडनाशी दुसऱ्याचे विरलन गाठ घालते तेव्हा दोन्ही एकमेकांना छेद देतात. भेट संपल्यावर मात्र दोन्ही तरंग मूळच्याच रूपात आपापल्या वाटेने पुढे जातात.

उद्गम समकलेत असतील, म्हणजे त्यांचे चढउतार एकाच वेळी होत असतील, तर कोठे काय ऐकू येईल हे पथांतरावर, म्हणजे दोन्ही उद्गमांपासून श्रोत्यापर्यंतच्या अंतरांमधील फरकावर ठरते. हा फरक शून्य किंवा तरंगलांबीच्या पूर्ण पटीत असल्यास आवाज मोठा होतो. अर्ध्या, दीड, अडीच तरंगलांबीइतका असल्यास क्षीण. एकाच अँप्लिफायरला जोडलेले दोन स्पीकर उघड्या मैदानात एकमेकांपासून ३ मीटरवर ठेवले आहेत आणि श्रोता त्यांपैकी एकाच्या अगदी समोर ४ मीटरवर उभा आहे, असे समजू. दुसरा स्पीकर त्याच्यापासून ५ मीटरवर येतो. पथांतर १ मीटर. २० अंश सेल्सिअस तापमानाला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. म्हणून ३४३ हर्ट्झचा स्वर या जागी बळकट ऐकू येईल, तर १७१.५ हर्ट्झचा पडेल, ५१४.५ हर्ट्झचाही पडेल. पूर्ण शांतता मात्र होणार नाही, कारण जवळच्या स्पीकरचा ध्वनी थोडा अधिक जोरकस असतो आणि त्याची शिल्लक उरते. तरीही चढ आणि उतार यांच्या तीव्रतेत सुमारे १९ डेसिबेलचा फरक पडतो. एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या, तर सारे चित्र पालटते: जेथे आवाज चढत होता तेथे पडतो, आणि दोन्ही स्पीकरपासून समान अंतरावर असलेल्या मधल्या रेषेवर तो जवळजवळ नाहीसा होतो.

क्षीण आवाजाच्या जागी ऊर्जा नष्ट होत नाही. समान तीव्रतेचे दोन तरंग जेथे पूर्ण जुळतात तेथे तीव्रता दुप्पट न होता चौपट होते. एका जागी कमी पडलेली ऊर्जा दुसऱ्या जागी सापडते. समान पथांतराचे बिंदू जोडले तर जमिनीवर अपास्तांचे पट्टे उमटतात.

पाठ्यपुस्तकांत व्यतिकरणाची ओळख बहुधा प्रकाशाच्या दोन फटींनी होते. ध्वनीपासून सुरुवात करणे अधिक योग्य. प्रकाशाचे पट्टे सहसा मिलिमीटरभर रुंदीचे असतात. ध्वनीचे पट्टे पावलांनी मोजता येतात आणि त्यांतून चालत जाता येते. इतिहासाचा क्रमही तसाच आहे. टॉमस यंग यांनी १८०० मध्ये ध्वनी आणि प्रकाश यांची सांगड घालणारा निबंध लिहिला आणि त्यानंतर, १८०१ पासून, प्रकाशाच्या व्यतिकरणाची कल्पना रॉयल सोसायटीपुढे मांडली. प्रकाश तरंगरूप आहे हे त्यांना ध्वनीच्या अभ्यासातून उमगले, ही गोष्ट पुरेशी सांगितली जात नाही.

सर्वांत सोपा प्रयोग एका नादकाट्यावर होतो. वाजता काटा कानाजवळ दांड्याभोवती हळूहळू फिरवला, की एका फेरीत चार वेळा आवाज विरतो. दोन्ही भुजा एकाच वेळी बाहेर जातात आणि आत येतात. बाहेरच्या बाजूंना संपीडन होते तेव्हा भुजांच्या मधल्या दिशांना विरलन होते, आणि तिरप्या चार दिशांना दोहोंची वजाबाकी होते. अशा दिशेत काटा स्थिर धरून एका भुजेवर, तिला न टेकता, कागदी नळी सरकवली तर आवाज परत येतो. एक ध्वनी अडवल्यावर आवाज वाढावा, याहून ठसठशीत पुरावा नाही.

वारंवारता किंचित निराळ्या असल्या, तर चढउतार जागेनुसार न राहता काळानुसार होतात. त्यांना विस्पंद म्हणतात. २५६ आणि २६० हर्ट्झचे काटे एकदम वाजवले की सेकंदाला चार विस्पंद ऐकू येतात. १७०० च्या सुमारास झोझेफ सोव्हर यांनी २४:२५ प्रमाणातील दोन ऑर्गन-नळ्यांचे सेकंदाला चार विस्पंद मोजून त्यांच्या वारंवारता ९६ आणि १०० काढल्या. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा जुळवताना गवयाचा कानही हेच करतो: आवाजाची लाट लांबत जाते, थांबते, आणि मग जोड मिळाली असे समजतात.

बंद खोलीत भिंतींवरून परतलेले ध्वनी मिसळत असल्याने पट्टे पुसट होतात. संगीतात तर वारंवारता सतत बदलत असतात. त्यामुळे दोन स्पीकरमध्ये बसूनही ते सहसा जाणवत नाहीत. उलट कलेचा ध्वनी सोडून गोंगाट शमवण्याची कल्पना पॉल ल्यूग यांनी मांडली. तिचे अमेरिकी पेटंट १९३६ चे आहे. आजचे गोंगाट-शामक हेडफोन याच तत्त्वावर चालतात आणि विमानाच्या घरघरीसारख्या खालच्या वारंवारतांवर अधिक प्रभावी ठरतात. खोलीत दुसरा स्पीकर ठेवून अशी शांतता साधायची झाली, तर ती साधारण तरंगलांबीच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या जागेपुरतीच मिळते: १०० हर्ट्झला सुमारे ३४ सेंटिमीटर, १००० हर्ट्झला जेमतेम साडेतीन.