पडवीतला चरक आणि आजचा लहान लेथ

लाकूड फिरते ठेवून त्याला पटाशीसारखे हत्यार लावायचे आणि गोल आकार द्यायचा, या कामाला मराठीत कातणे म्हणतात. ते करणारा कातारी आणि त्याचे यंत्र म्हणजे चरक. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे आज लेथ म्हटले की धातू कापणारे जड यंत्र डोळ्यांपुढे येते आणि घरच्या कार्यशाळेसाठी घेतलेला लाकडाचा छोटा लेथ ही त्याची लहान नक्कल वाटते. इतिहास नेमका उलट आहे, कारण लाकूड कातण्याचे यंत्र आधी पडवीत रुजले आणि कारखान्यात फार उशिरा गेले.

जुन्या चरकात जमिनीत किंवा जड फळीवर रोवलेल्या दोन ठोकळ्यांच्या लोखंडी टोकांमध्ये लाकूड अडकवले जाई आणि त्याला वेढा घातलेली दोरी एकतर मदतनीस आळीपाळीने ओढी किंवा कातारी स्वतः कमानीने चालवी. लाकूड एकदा पुढे आणि एकदा मागे फिरत असल्याने हत्यार एकाच दिशेच्या फेऱ्यात कापत असे, उरलेल्या फेऱ्यात ते किंचित मागे घ्यावे लागे. ही लय हाताला बसण्यातच काताऱ्याचे खरे शिक्षण होते. जमिनीवर बसलेला कारागीर हत्याराखालचा आधार पायाने दाबून धरी, म्हणजे त्याचे शरीर हाच यंत्राचा एक भाग होता. रंगकामही चरकावरच होई: फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसे आणि केवड्याच्या पानाने तिला चकाकी येई. कोकणाच्या दक्षिण टोकाला सावंतवाडीच्या चितारी कारागिरांनी हे लाखकाम नावारूपाला आणले.

उत्तर कोकणात अशा कामाला लाकडाचा तुटवडा नव्हता, कारण पालघर, डहाणू आणि जव्हारच्या रानांत साग आणि हळदू होता, शिवाय काळा कुडाही होता, ज्याच्या पांढऱ्या, बारीक पोताच्या लाकडातून कर्नाटकातील चन्नपट्टणची खेळणी घडतात. पाळण्याचे दांडे, देव्हाऱ्याचे खांब, लाटणी, रव्या, भोवरे, शिडाच्या होड्यांच्या कप्प्यांची चाके, या साऱ्या कातकामाच्या वस्तू होत्या.

पायाने चालणाऱ्या चाकामुळे लाकूड एकाच दिशेने अखंड फिरू लागले. पुढे १८०० च्या सुमारास इंग्लंडमध्ये हेन्री मॉडस्लेने आटे पाडणारा लोखंडी लेथ सिद्ध केला आणि यंत्राचे मुख्य काम धातूकाम हे झाले. मराठी उद्योजकांनी हा टप्पा लवकर ओळखला, १९४१ मध्ये हरिहर येथे स्थापन झालेल्या म्हैसूर किर्लोस्करने लेथ बनवले. १९६२ मध्ये महाराष्ट्राचे औद्योगिक विकास महामंडळ आले, १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, तरीही या परिसरातील घरगुती कार्यशाळा संपली नाही. चिंचणी-तारापूर भागात दागिन्यांचे डाय, म्हणजे पोलादी ठोकळ्यात कोरलेले नक्षीचे साचे, घराघरांत घडत आले आहेत, आणि बारीक कामाला मोठे छप्पर लागत नाही हे त्यांनी दाखवून दिले आहे.

चरकाच्या कसोट्या आजच्या निवडीतही लागू पडतात. ठोकळ्यांमधील अंतराने वस्तूची लांबी ठरते, तर टोकाच्या उंचीने व्यास ठरतो, कारण बेडपासून, म्हणजे यंत्राच्या आडव्या पायापासून, टोक पाच इंच वर असेल तर दहा इंचांपर्यंतचीच वस्तू फिरू शकते. म्हणून लाटण्याला सोळा इंचांचे अंतर पुरते आणि नऊ इंची पोळपाटाला दहा इंचांचा व्यास लागतो, तोही फेसप्लेट या चकतीवर लाकूड पक्के करून. काताऱ्याने चरक जमिनीत रोवला तो थरथर टाळण्यासाठी, त्यामुळे हलक्या पत्र्याच्या यंत्रापेक्षा बिडाचा, जड टेबलाला बोल्टने आवळलेला लेथ केव्हाही श्रेष्ठ ठरतो. टोके बसवण्याच्या निमुळत्या छिद्राचे माप मोर्स टेपर क्रमांक २ असल्यास जोडसामान सहज मिळते. वेग बदलता येणे तर अनिवार्यच आहे, कारण रुंद लाकूड सावकाश आणि बारीक दांडा वेगाने फिरवावा लागतो. तारापूरच्या खाऱ्या हवेत बिडाला लवकर गंज चढतो, तेव्हा काम संपल्यावर भुसा झाडून बेडला तेलाचा हात फिरवावा.