अंतर्विद्रधी : दडलेल्या पुवाचा शोध



२६ जून १९०२ हा दिवस सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी मुक्रर झाला होता. देशोदेशीचे पाहुणे लंडनला जमले होते. आपल्या शेजारच्या करवीर संस्थानाचे शाहू महाराजही त्याच निमित्ताने विलायतेस गेले होते. परंतु राजाच्या पोटात उजवीकडे, आंत्रपुच्छाभोवती, पू साठत होता. समारंभ लांबविण्यास तो राजी नव्हता. शल्यविशारद फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी मात्र शस्त्रक्रियेचा आग्रह सोडला नाही. दोनच वर्षांपूर्वी त्यांची स्वतःची कन्या याच विकाराने दगावली होती. २४ जूनला राजवाड्यातच शस्त्रक्रिया झाली. आंत्रपुच्छ जागच्या जागी ठेवून केवळ पुवाला वाट करून दिली. ९ ऑगस्टला राज्याभिषेक निर्विघ्न पार पडला.

साठलेल्या पुवाला वाट द्यावी, हे तत्त्व फार जुने आहे. अवघड आहे ते त्याचे ठिकाण ओळखणे. त्वचेवरचे गळू डोळ्यांना दिसते. पोटातले गळू ताप, कृशता आणि मोघम वेदना यांच्या आड दडते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात बाह्य व आभ्यंतर असे विद्रधीचे दोन प्रकार सांगितले असून, आभ्यंतर विद्रधीचे स्थान लक्षणांवरून ताडण्याचा प्रयत्न आहे : बस्तीत असल्यास मूत्र कष्टाने व थोडे होते, यकृतात असल्यास श्वास लागतो. यकृतातील गळवामुळे श्वासपटल डिवचले जाते व वेदना उजव्या खांद्यात उमटते, हे आजचा वैद्यही जाणतो.

आपल्या देशात या व्याधीचे ठळक रूप म्हणजे अमिबाजन्य यकृतविद्रधी. सेंट पीटर्सबर्ग येथे आमांशाच्या रोग्यात आढळलेल्या या सूक्ष्म जीवाचे वर्णन लोश यांनी १८७५ मध्ये केले. पोट उघडून निचरा केला, तर बाहेरचे जंतू आत शिरून रोगी अनेकदा दगावे. कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी १९१२ मध्ये एमेटीनची टोचणी सुरू केली आणि सुरीऐवजी सुईने पू काढण्याचा पुरस्कार केला. पुढे १९६६ मध्ये मेट्रोनिडाझोलचा गुण सिद्ध झाला. आज यकृतातील अशी बहुतेक गळवे औषधानेच बरी होतात.

जिवाणूजन्य गळवांची गोष्ट निराळी. त्यांच्या कोंडलेल्या पोकळीत प्रतिजैविके पुरेशी पोहोचत नाहीत; म्हणून मोठ्या गळवाचा निचरा अटळ ठरतो. मात्र ते नेमके कोठे आहे, हे पाहण्यासाठी पूर्वी पोटच उघडावे लागे. १९७१ मध्ये हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्राने पहिल्या रोग्याचे चित्र घेतले, सोनोग्राफीही रुळली. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून चित्राच्या आधारे त्वचेतून नळी घालून पू काढण्याची रीत प्रस्थापित झाली. आतडे फाटले असेल किंवा पोकळीचे अनेक कप्पे झाले असतील, तर आजही अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते. आणि पू काढल्यावरही त्याचे मूळ शोधावेच लागते.

यंत्रे आली, औषधे आली. परंतु रोग्याने वेळेवर वैद्यापर्यंत पोहोचावे, ही अट बदललेली नाही. हटणारा आणि पुन्हा चढणारा ताप अंगावर काढणाऱ्या आपल्या माणसाला आपण हाताला धरून दवाखान्यात नेले, तर या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी मानीन.